पदवी झाली, आता मास्तर कसं व्हायचं?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बी.एस्सी. झालेली पोरं पैशाला पासरी आहेत. कुणी लॅबला, कुणी क्वालिटीला, कुणी स्टोअरला. मीही त्यांच्यातलाच होतो. आता बी.एड. होऊन एका हायस्कूलला तासिकेवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवतोय हे कळल्यापासून जुन्या कंपनीतल्या आणि गावातल्या पोरांचे फोन येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला : "दादा, नोकरी न सोडता बी.एड. होतंय काय?"

होत नाही. होतंय म्हणून सांगणारे मात्र पावलोपावली भेटतात. मी त्या सगळ्यांचे उंबरे झिजवलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. फोनवर दर वेळी अर्धा तास जातो आणि समोरचा शेवटी परत तोच प्रश्न विचारतो.

मी केमिस्ट्रीचा. फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये काम. साच्याच्या वाळूचा नमुना आणायचा, ओल किती, हवा किती पास होते, दाब किती सोसते ते बघायचं, रजिस्टरला चढवायचं आणि मोल्डिंगच्या सुपरवायझरला ओरडून सांगायचं, पाणी कमी करा नाहीतर बेंटोनाइट, म्हणजे वाळू बांधणारी माती, वाढवा. काम वाईट नव्हतं. पगार वीस हजारांच्या घरात, पीएफ वेगळा. पण संध्याकाळी गल्लीतली आठवी-नववीची पोरं गणित-विज्ञानाच्या वह्या घेऊन सोप्यात येऊन बसायची, आणि मला शिफ्ट संपायच्या आधीपासून त्यांचे वेध लागायचे. रात्रपाळी असली की शिकवणी बुडायची आणि माझा सगळा दिवस कडू जायचा.

मास्तरकीचा अनुभव आमच्या घरात होता, पण तो चांगला नव्हता. ताई डी.एड. झालेली. बारावीनंतर डी.एड.ला नंबर लागला की सोयरिकीत भाव वाढायचा, असा तो काळ. तिच्या हातात पदविका पडली आणि २ मे २०१२ ला सरकारनं शिक्षक भरतीच बंद केली. पुढं भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आली ती थेट २०१७ च्या डिसेंबरात. तोवर ताईच्या पदरात दोन मुलं होती आणि शेजारच्या गावात तिनं शिलाईचं दुकान टाकलं होतं. मी बी.एड.चं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली, "एक कागुद घरात हाय, त्यानं कुठं चूल पेटली? तू आणि दुसरा आणणार व्हय?"

तरीही मी शोध सुरू केला, आणि सगळ्यांसारखाच आधी मुक्त विद्यापीठाकडं गेलो. आमच्या डोक्यात मुक्त म्हणजे घरबसल्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे, इग्नूचंही आहे. पण ते तुमच्या-माझ्यासाठी नाही. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईचा नियम असा, की दूरशिक्षणातून बी.एड. करायचं तर उमेदवार आधीच प्रशिक्षित पाहिजे. म्हणजे प्राथमिक शाळेत नोकरीत असलेला प्रशिक्षित शिक्षक, नाहीतर डी.एड.सारखा मान्यताप्राप्त कोर्स रोज कॉलेजला जाऊन पूर्ण केलेला पदवीधर. कोरा बी.एस्सी. तिथं दारातच अडतो. ज्या सवलतीची मी स्वप्नं बघत होतो तिच्या जवळ ताई होती, मी नव्हतो. तिला तसं सांगितलं तर तिनं मशिनवरून मान वर न करता विचारलं, "मग पदवी तू देतोस काय मला?" डी.एड.नंतर लग्न झालं आणि तिची पदवी राहिली ती राहिलीच.

दुसरा मार्ग एका मित्रानं सुचवला, टीच फॉर इंडियाची फेलोशिप. हा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, बी.एड. लागत नाही. निवड झाली की दोन वर्षं पूर्ण वेळ, गरीब वस्तीतल्या शाळेत स्वतःचा वर्ग सांभाळायचा आणि वर मानधन. मला हे मनापासून आवडलं होतं. पण त्यासाठी पुण्या-मुंबईला मुक्काम हलवायचा, आणि दोन वर्षांनी हातात अनुभव असतो, शिक्षकाची अर्हता नसते. अनुदानित शाळेत लागायचं तर परत बी.एड.च्या रांगेत उभं राहायचं. ज्याला शिक्षणक्षेत्रात काम करायचंय पण सरकारमान्य मास्तरच व्हायचं असं नाही, त्यानं हा विचार जरूर करावा. मला अनुदानित शाळेचा फळाच पाहिजे होता.

बाकीचे मार्ग भराभर सांगतो. एम.एस्सी. करून नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा काढली तर सीनियर कॉलेजला शिकवता येतं, तिथं बी.एड.ची गरज नाही. पण तिथल्या तासिकावाल्यांचे हाल विद्यापीठाच्या आवारात चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की फुकट ऐकायला मिळतात. ज्युनियर कॉलेजला पदव्युत्तर पदवी अधिक बी.एड. लागतं. आयटीआयच्या निदेशकांचं प्रशिक्षण वेगळं, चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका वेगळी, खेळाचं बी.पी.एड. वेगळं. थोडक्यात, दारं पुष्कळ आहेत, पण प्रत्येक दार आपापल्या खोलीतच उघडतं. विज्ञानाच्या पदवीधराला सहावी ते दहावी शिकवायचं असेल तर त्याचं दार रेग्युलर बी.एड.चं.

आणि मग ते दुसरे लोक. एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात मला एक गृहस्थ भेटले. बोलणं गोड, हातात दोन मोबाइल. "सर, तुम्ही नोकरी सोडू नका. ॲडमिशन रेग्युलरच दाखवायचं. हजेरी आम्ही बघतो, पाठ लिहून मिळतात, फायली तयार असतात. तुम्ही फक्त परीक्षेला या." अजून मी कशातच नव्हतो आणि 'सर' झालो होतो. कॉलेज कुठलं म्हणाल तर कधी सीमेपलीकडचं, कधी पार मराठवाड्यातलं. पैसे दोन हप्त्यांत. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी असंच केलंय आणि त्यांच्या भिंतीवर पदवी लागलेली आहे.

मला रोखलं ताईनं. तिचं म्हणणं सरळ हिशोबाचं होतं. तुझा पीएफ दर महिन्याला जमा होतोय, हजेरी कंपनीच्या मशिनवर बोटानं होतीय. त्याच तारखांना तू दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या कॉलेजात बसला होतास असं कागदावर असणार. उद्या कागदपत्रांच्या पडताळणीत कुणी दोन्ही समोर ठेवले तर काय सांगशील? त्यात २०२१ च्या डिसेंबरात पुण्यात टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, घोटाळा बाहेर आला होता. गुण वाढवून पास झालेल्या हजारोंची नावं निघाली, प्रमाणपत्रं रद्द झाली. पैसे घेणारे तर अडकलेच, पण नोकरीला लागलेल्यांची झोपही उडाली. ताई म्हणाली, "मास्तर झाल्यावर पोलीस दारात येण्यापेक्षा फाउंड्री बरी." त्या झेरॉक्सच्या दुकानाकडं मी परत फिरकलो नाही.

तेव्हा एक आशा अजून दाखवली जात होती, आजही दाखवतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकासाठी बारावीनंतरचं चार वर्षांचं एकात्मिक बी.एड., तीन वर्षांची पदवी असणाऱ्याला दोन वर्षांचं, आणि चार वर्षांची पदवी किंवा एम.ए.-एम.एस्सी. असणाऱ्याला एक वर्षाचं बी.एड. असं लिहिलेलं आहे. "एक वर्षाचं येऊ दे, मग करू" म्हणत बसलेली पोरं मी बघतोय. धोरण आलं तेव्हा बसली होती, अजून बसलीच आहेत. आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला त्यातही दोन वर्षंच लिहिलीत, हे मात्र कुणी वाचत नाही.

मी २०२२ ला बी.एड.ची प्रवेश परीक्षा, सीईटी, दिली. परीक्षेबद्दल घाबरण्यासारखं काही नाही. संगणकावर १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. या शेवटच्या भागात वर्गात मूल गोंधळ घालत असेल तर तुम्ही काय कराल छापाचे प्रश्न. चार पर्यायांतला जो आपल्या शाळेत प्रत्यक्षात व्हायचा तो सोडून द्यायचा, उत्तर बरोबर येतं. खरा घाम कागदांनी काढला. पदवीला खुल्या गटाला ५० टक्के, राखीवला ४५, ते ठीक होतं. पण नॉन-क्रीमी लेयरला प्रांत ऑफिस, उत्पन्नाला तहसील, आणि पदवीच्या एका सेमिस्टरचं गुणपत्रक काही केल्या सापडेना म्हणून विद्यापीठात दुसरी प्रत. ज्याला पुढच्या वर्षी सीईटी द्यायचीय त्यानं पुस्तकं नंतर घ्यावीत, आधी ही फाईल लावावी. कोल्हापुरात शासकीय अध्यापक महाविद्यालय आहे. फी कमी म्हणून सगळ्यांची पहिली पसंती तिथंच आणि मेरिटही तसंच चढं. माझा नंबर दुसऱ्या फेरीत एका खाजगी कॉलेजला लागला.

अण्णांनी विचारलं, "दोन वर्सं खायचं काय?" तो प्रश्न बरोबर होता. बी.एड. आधी एक वर्षाचं होतं, एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं. ज्याच्या घरी ऊसबिल येतं आणि ज्याच्या घरी येत नाही त्यांच्यासाठी हे दुसरं वर्ष सारखं नसतं. आमचा ऊस थोडा. मी संध्याकाळच्या शिकवण्या वाढवल्या, सकाळीही एक बॅच घेतली, आणि कंपनीत राजीनामा दिला. एचआरवाल्यानं कारणाच्या रकान्यात 'उच्च शिक्षण' लिहिलं आणि पेन खाली ठेवत म्हणाला, "माझ्या मिसेसचंपण बी.एड. झालंय. घरीच असतीय."

पन्नास जणांचं युनिट. त्यात एम.कॉम. होतं, एम.ए. मराठी होतं, दोन मुलांना शाळेत सोडून येणाऱ्या बायका होत्या, आणि एमपीएससी करता करता वय वाढलेली, घरच्यांना काहीतरी चालू आहे असं दाखवायला आलेली चार-पाच पोरं होती. वर्गात सर्वांत मनापासून शिकणाऱ्या त्या मुलांवाल्या बायका. त्यांना पोरांच्या खोड्या पुस्तकातून शिकाव्या लागत नव्हत्या.

पहिल्या वर्षात सूक्ष्म अध्यापन. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन किंवा उदाहरण देणं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे काय जमलं-चुकलं ते ऐकून घ्या, बारा मिनिटं नवं नियोजन, मग सहा मिनिटं परत तेच शिकवा आणि सहा मिनिटं परत ऐकून घ्या. छत्तीस मिनिटांचं चक्र. विद्यार्थी कोण, तर आपलेच सोबती, सातवीची पोरं असल्याचं नाटक करत बसलेले. चाळिशीच्या एक बाई दर पाठाला हात वर करून "सर, पाणी पिऊन येऊ?" विचारायच्या आणि अख्खा गट हसायचा. पहिले काही दिवस हा पोरखेळच वाटला. पण सँड लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं हेच करत होतो : नमुना घे, बिघाड बघ, एकच गोष्ट बदल, परत नमुना घे. ते ध्यानात आल्यावर मी गप गुमान फळ्यावर सरळ रेषेत लिहायला शिकलो.

फायलींबद्दल मात्र माझं मत वाईट आहे आणि ते वाईटच राहणार. प्रत्येक पाठाचं टाचण, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, प्रस्तावना, हेतुकथन म्हणजे आज काय शिकायचं ते सांगणं, अध्यापकाची कृती, विद्यार्थ्याची कृती, फलकलेखन, संकलन म्हणजे शेवटी सगळं गोळा करून सांगणं, गृहपाठ, सगळं रकाने आखून हातानं लिहायचं. पहिले दहा पाठ असं लिहिण्यात फायदा आहे, डोकं शिस्तीत येतं. त्यानंतर नुसती नक्कल चालते. मागच्या बॅचच्या फायली खपतात, त्याच्या मागच्यांच्या त्यांनी घेतलेल्या असतात, आणि कधी कधी बदललेल्या पाठ्यपुस्तकातला धडाही टाचणात जसाच्या तसा जिवंत असतो. तपासणारे पहिलं पान आणि शेवटचं पान बघून सही करतात. तीच सही एका पाठाला मागं बसून बघण्यात खर्च केली असती तर निम्म्या फायली जाळल्या तरी चाललं असतं.

थिअरीतलं काही लक्षात राहिलं, काही परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडालं. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणारा कोठारी आयोग, १९६४ ते ६६, हा प्रश्न हमखास येतो आणि नोट्समध्ये शिफारशींची यादी असते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही. गारगोटीच्या एका वर्गमैत्रिणीनं डबा खाताना सांगितलं. कोल्हापुरात बसून कोल्हापूरच्या माणसाचा आयोग पाठ करायचा आणि माणूस गाळायचा, ही कमाल गाईडांनाच जमते.

दुसऱ्या वर्षाची तयारी चालू असताना, ११ ऑगस्ट २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. २०१८ मध्ये एनसीटीईनं बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीला शिकवायची मुभा दिली होती, नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा या अटीवर. ती मुभा रद्द झाली. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण डी.एड.मध्ये मिळतं, बी.एड.मध्ये नाही, असा त्याचा गाभा. वर्गात सुतक पडलं. निम्म्या जणांनी दोन्ही गटांत अर्ज भरायचा हिशोब करूनच प्रवेश घेतला होता. संध्याकाळी ताईला फोन केला तर ती बराच वेळ हसत होती. "बारा वर्सांनी का हुईना, माझ्या कागदाची किंमत झाली म्हण की!" मला वाईट वाटायला हवं होतं, पण निकाल मला पटला. पहिलीच्या पोराला अक्षर कसं गिरवायला लावायचं यातलं मला खरंच काही येत नाही.

मग इंटर्नशिप. नियमानं पहिल्या वर्षी चार आठवडे आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत काढायचे, आणि त्यात हजेरी ९० टक्के. बाकी अभ्यासक्रमाला ८०. आमचा गट करवीर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलला गेला. पहिल्या दिवसापासून शाळेचे सगळे ऑफ तास आमच्या गळ्यात. कोणी सर रजेवर, छात्राध्यापक जातील. परिपाठ घ्या, पोषण आहाराच्या वेळी पंगतीत उभे रहा, चाचणीचे पेपर तपासा, ऑनलाइन माहिती भरायला दोघं जण ऑफिसात या. फुकटचे हात मिळाले की शाळा सोडत नाही. याबद्दल आमच्यात कुरकुर होती आणि ती रास्त होती. पण एक सांगतो, न ठरलेल्या विषयाच्या ऑफ तासाला, टाचण नसताना, पस्तीस मिनिटं नववी ब शांत ठेवणं हे कुठल्याच पेपरात नाही, आणि नोकरीत रोज तेच आहे.

भातकापणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असायचा. वर्गशिक्षिकेबरोबर गैरहजर पोरांच्या घरी गेलो तर घरात फक्त म्हातारी माणसं. एक आजोबा म्हणाले, "शाहू म्हाराजांच्या टायमाला पोरगं साळंत नाय धाडलं की रुपाया दंड व्हता म्हणं. आता दंड न्हाई, मग कशाला पाठवतील?" महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हाचा महिन्याला एक रुपया दंड त्या म्हाताऱ्याला त्याच्या बापाकडून ऐकून ठाऊक होता. पोरगं दोन दिवसांनी आलं, हातावर विळ्याची जखम घेऊन.

माझा मार्गदर्शक शिक्षक म्हणजे पन्नाशीचे, विज्ञानाचे सर. मोजकं बोलणारे. आठवीला 'धातू-अधातू' माझ्या वाट्याला आला आणि मी खूश झालो, कारण हा धडा मी पोटासाठी जगलो होतो. वर्धनीयता म्हणजे धातूला ठोकून पत्रा करता येतो, असं सांगून झालं आणि मागच्या बाकावरून एकानं हात वर केला.

"सर, पण बिडाचं हाणलं की फुटतंय."

"तुला कसं माहीत?"

"पप्पा मोल्डिंगला हायत. फुटलेलं कास्टिंग परत भट्टीत टाकत्यात."

पुस्तकात हा प्रश्न नाही. मी टाचण बाजूला ठेवलं आणि सांगितलं, की बीड म्हणजे नुसतं लोखंड नाही, त्यात कार्बन बराच असतो, तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो, आणि घाव बसला की तडा त्या पापुद्र्यांवरून पळतो. फळ्यावर चित्र काढलं. पोरगं मान डोलावत होतं, मी रंगलो होतो, घंटा झाली.

सरांनी निरीक्षणाच्या वहीत लिहिलं : आशय उत्तम. हेतुकथन नाही. संकलन नाही. मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली, की हेही शेवटी रकानेवालेच. मग स्टाफरूमकडं चालताना ते म्हणाले, "बिडाचं तू चांगलं सांगितलंस. पण सांगताना सगळा वेळ त्या एकट्या पोराकडं बघत होतास. खिडकीकडच्या रांगेतल्या मुलींनी वह्या मिटल्या होत्या. त्यांच्या घरातलं कोण मोल्डिंगला नाही. त्यांना बिडाचं काय आहे? घरातल्या तव्यापासून सुरू केलं असतंस तर?"

हे वाक्य मला कुठल्या दूरशिक्षणानं दिलं असतं? हजेरी आम्ही बघतो म्हणणाऱ्या गृहस्थांनी तर नक्कीच नाही. नोकरी सोडून बी.एड. का, असं जेव्हा पोरं विचारतात तेव्हा माझ्याकडं सांगायला तो तवा आहे. दोन वर्षांतले बरेच महिने वाया गेले असं मला अजूनही वाटतं, पण त्या सोळा आठवड्यांतला एकही तास कुणी कापला असता तर मी भांडलो असतो. दुसऱ्या तुकडीवर तोच धडा मी तव्यापासून घेतला. खिडकीकडची रांग बोलकी झाली, इतकी की मागच्या बाकाला आवर म्हणायची वेळ आली.

बी.एड. २०२४ ला हातात आलं, आणि तिथून परीक्षा सुरू झाल्या. फोन करणाऱ्यांपैकी अनेकांना वाटतं बी.एड. झालं की झालं. नाही. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा पेपर दोन पास पाहिजे. महाराष्ट्राची टीईटी किंवा सीबीएसईची सीटीईटी, दोन्ही चालतात. १५० प्रश्न, १५० मिनिटं, पास व्हायला खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीवला ५५ टक्के. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पूर्वी सात वर्षांनी संपायचं. नववी-दहावीसाठी टीईटी लागत नाही. पण भरतीसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, सगळ्यांनाच लागते : २०० प्रश्न, १२० मिनिटं, १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. टीईटी आणि टेट या दोन नावांत घरच्यांचा इतका घोळ होतो की आई सगळ्यांना सांगते, "त्याची तीच परीक्षा परत परत चाललीय."

टेटची अडचण प्रश्नांची नाही, ती कधी होईल याची आहे. २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. मधल्या गाळ्यात बी.एड. झालेला माणूस हुशार असो नाहीतर ढ, नुसता थांबलेला असतो. मी २०२४ च्या नोव्हेंबरात टीईटी दिली, सुटलो. २०२५ ला टेट दिली, गुण बरे आहेत. आता पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. तिथं स्वप्रमाणपत्र भरायचं, प्राधान्यक्रम लावायचे, लॉक करायचे. मुलाखतीशिवायच्या जागा वेगळ्या, मुलाखतीसहच्या खाजगी संस्थांच्या वेगळ्या. लागलोच तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगार नाही, ठरावीक मानधन. २०२३ च्या जानेवारीपासून मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. त्याआधी सहा, आठ आणि नऊ होतं, म्हणून आता लोक खूश. मी फाउंड्रीत याहून जास्त घेत होतो. ही आकडेवारी फोनवर ऐकली की पलीकडची पोरं गप्प होतात, आणि ते बरंच आहे. ज्याला तरीही यायचंय तो दोन दिवसांनी परत फोन करतो, आणि मग मी त्याला नॉन-क्रीमी लेयर काढून ठेव म्हणतो.

सध्या मी जिथं इंटर्नशिप केली त्याच हायस्कूलला तासिकेवर आहे. शिकवण्या चालू आहेतच. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला : पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेत असलेल्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलाय, त्यांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. स्टाफरूममध्ये त्या दिवसापासून वेगळंच वारं आहे. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं मोबाइलवर सराव प्रश्न सोडवत बसतात, चिडतात, शासनाला शिव्या देतात, परत सोडवतात. त्यांचा राग मला कळतो. ज्यांनी पिढ्या शिकवल्या त्यांना पियाजेसारख्यांच्या बालमानसशास्त्राचे चार पर्याय देऊन तपासणं मला स्वतःला बरं वाटत नाही.

आमच्या विज्ञानाच्या सरांच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले.

"तुझी ती पियाजे-बियाजेची वही अजून हाय काय रे?"

"आहे की सर. उद्या आणतो."

"आण. आणि कुणाला सांगत बसू नको."

वही आठवड्याभरानं परत आली. समासात दोन ठिकाणी लाल पेनानं माझं शुद्धलेखन दुरुस्त केलेलं होतं.